गणिती खजिनाशोध

गणिती खजिनाशोध : गुणाकार व भागाकार यांच्या सरावासाठी प्राथमिक वर्गांत खेळला जाणारा शोधखेळ. पुण्यातील शिक्षक बोलताना त्याला सर्रास ‘ट्रेझर हंट’ म्हणतात. खिडकीचे गज, फळ्याची चौकट, व्हरांड्यातील खांब अशा ठिकाणी चिकटवलेल्या प्रत्येक कार्डावर वर एक उत्तर आणि खाली एक नवे उदाहरण असते. हाती आलेले उत्तर ज्या कार्डाच्या माथ्यावर सापडेल, तेथे पुढचे उदाहरण मिळते. जोडीने फिरणारी मुले कोणत्याही कार्डापासून आरंभ करतात आणि सर्व कार्डे झाल्यावर पहिल्याच कार्डाशी परततात.

या खेळाचे मूळ कोठे मानावे, याविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार तो पाश्चात्त्य मेजवान्यांतील वस्तू शोधण्याच्या खेळांतून आला असावा; अमेरिकेत १९३० च्या दशकात मेजवान्यांच्या आयोजिका एल्सा मॅक्सवेल यांनी अशा खेळांना लोकप्रियता मिळवून दिली. दुसरे मत त्याचा संबंध डोमिनोशी, म्हणजे जुळती टोके एकमेकांना लावत सोंगट्यांची रांग करण्याच्या खेळाशी, जोडते. वस्तुशोधात क्रमाला फारसे महत्त्व नसते, येथे मात्र क्रम हाच खेळाचा कणा असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. गुणाकार व भागाकार एकत्र घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सुमारे इ. स. ११५०) १३५ ला १२ ने गुणून १६२० काढावयाचे आणि त्यालाच पुन्हा १२ ने भागावयाचे, असे एकच उदाहरण आहे.

रचनेतील मर्म साखळी अखंड ठेवण्यात आहे. सर्व उत्तरे भिन्न असावी लागतात, हे सहज ध्यानात येते. परंतु तेवढ्याने भागत नाही. १२ कार्डांवर उत्तरे आणि उदाहरणे वाटेल तशी जुळवली, तर सर्व कार्डांची एकच साखळी होण्याची संभाव्यता १/१२ एवढीच असते. एरवी दोन-तीन लहान साखळ्या पडतात आणि मुले अर्ध्याच कार्डांत पहिल्या कार्डाशी परततात. म्हणून आधी सर्व उत्तरे ओळीने लिहून, प्रत्येक उत्तराखाली त्याच्या पुढच्या उत्तराचे उदाहरण मांडावे आणि शेवटच्या कार्डावर पहिल्या उत्तराचे उदाहरण घालावे. उदा., ६४८ ÷ १२ सोडवणारे मूल ५४ च्या कार्डाकडे जाते, तेथील २७ × १६ त्याला ४३२ कडे नेते आणि ४३२ खाली ७३५ ÷ ७ असते. येथे मधले शून्य विसरणारे मूल १०५ ऐवजी १५ शोधू लागते. १५ कोठेच नसेल तर ते उभ्या-उभ्या भागाकार पुन्हा करते, आणि खेळाची खरी किंमत या क्षणात आहे. काही शिक्षक मुद्दाम १५ चे कार्डही साखळीत ठेवतात. अशा वेळी मुलाची काही कार्डे गळतात किंवा तेच कार्ड पुन्हा येते, आणि वहीतील उत्तरांच्या क्रमावरून चूक नेमकी कोठे झाली ते कळते. असे एखादेच कार्ड असावे; अधिक झाल्यास कच्ची मुले गोंधळतात.

मराठीत आणखी एक अडचण येते. ‘चौपन्न’ म्हणताना एकक आधी उच्चारला जात असल्याने ऐकणारा जोडीदार कधी कधी ४५ लिहून बसतो. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये २१ साठी ‘वीस एक’ अशी सुटी वाचने आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा काहीही असो, खेळात उत्तर ‘पाच चार’ असे अंकशः सांगणे सोयीचे पडते.

बाकी उरणारी उदाहरणे क्वचितच घेतात. घेतल्यास, उदा., ८७ ÷ ६ साठी, कार्डाच्या माथ्यावर ‘भागाकार १४, बाकी ३’ असे दोन्ही लिहावे लागते, आणि मुलांनी कार्ड सोडण्यापूर्वी १४ × ६ + ३ = ८७ असा ताळा वहीत करावा, अशी अट घालतात.