डबी घेऊन बांबोळीला निघण्यापूर्वी

लग्नाला वर्ष उलटूनही दिवस राहिले नाहीत की आधी धाव स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, देवळात कौल-प्रसाद घेतला जातो; नवऱ्याची पाळी शेवटी. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही अडचण असते, आणि वीर्यतपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

ती बिघडते बहुधा नमुन्यापाशी. आधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. कमी दिवसांत संख्या घटते, जास्त दिवसांत मेलेल्या शुक्राणूंची भर पडते. नमुना देताना साबण, तेल, थुंकी, साधा निरोध, सगळं वर्ज्य. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक असतात; ते सांडले तर लपवू नका, लॅबला सांगा. नमुना तासाभरात पोचायला हवा. गोव्यात काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठेपर्यंत तो तास सरतो, म्हणून नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. जवळून नेणार असाल तर नमुन्याची डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला. स्कूटरच्या डिकीत नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य 1.4 मिली, दर मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. हो, चारच! बाप झालेल्या पुरुषांतही दर मर्यादेमागे 5 टक्के तिच्या खालीच होते, तेव्हा एका कागदावरून कोणाला वांझ ठरवू नये. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. त्या महिन्यांत डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आकडे पडू शकतात.

दुसऱ्यांदा तपासूनही अहवाल कमी आला तर अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाचा डॉक्टर, गाठावा. आपल्याकडे तो बहुतेकदा मुळात युरोलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) असतो. तो उभं करून, कुंथायला लावून वृषणावरच्या फुगलेल्या शिरा चाचपतो. त्या बहुधा डावीकडे सापडतात, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त तुंबतं. वृषणाचा आकार 1 ते 25 मिलीच्या मण्यांच्या माळेशी ताडून बघतो. शुक्राणू शून्य असतील तर आकार आणि एफएसएच (वृषणांना शुक्राणू बनवायला सांगणारं, रक्तात मोजलं जाणारं हार्मोन) मिळून बरंच सांगतात: वृषण लहान, एफएसएच चढलेलं, तर निर्मितीच कमी; दोन्ही ठीक, तर वाटेत अडथळा असण्याची शक्यता.

जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल मात्र डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणंच थांबवतो. दंड फुगतात, शुक्राणू शून्यावर येतात. इंजेक्शनं थांबवल्यावर ते बहुतेकांत परततात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं.