तैवानमधील रात्रबाजार

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाड्या लागून मध्यरात्रीपर्यंत चालणारा खाद्यपदार्थ, कपडे, किरकोळ वस्तू आणि खेळांचा बाजार. तैवानमधले बरेच जुने रात्रबाजार देवळांच्या आसऱ्याने वाढले. दर्शनाला येणारी माणसे हेच त्यांचे पहिले गिऱ्हाईक. कीलुंग बंदरातला म्याओखौ बाजार आजही त्येनजी मंदिराभोवतीच भरतो.

तैपेईतील शिलिन बाजाराचे नाव सर्वांत मोठे. मात्र हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर १९८७ पासून भरणारा राओह रस्त्यावरचा बाजार बरा. सुमारे ६०० मीटरचा सरळ रस्ता, त्यामुळे चुकायची भीती नाही. त्सयौ मंदिराकडच्या टोकाला मिरीपावासाठी रांग लागलेली असते. मिरी लावलेले डुकराचे मांस आणि वर मूठभर चिरलेली कांद्याची पात कणकेत भरतात, गोळ्याला तीळ लावतात आणि तो मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला तंदुरी रोटीसारखा थापतात. आतला रस चटका देणारा असतो, तेव्हा पहिला घास बेतानेच घ्यावा.

कालवांचे ऑम्लेट रताळ्याच्या पिठामुळे चिकटसर होते आणि त्यावर गोडसर तांबडा सॉस ओततात. कोकणातल्या तिखट कालवांवर वाढलेल्यांना तो खटकेल. ‘दुर्गंधी टोफू’ आंबवलेल्या खारात मुरवून तळतात आणि आंबट कोबीबरोबर देतात. त्याचा वास गाडी दिसण्याआधीच येतो; चव त्या मानाने फारच सौम्य.

शाकाहारी गाडीवर बहुधा 素 हे अक्षर किंवा आपल्या स्वस्तिकाच्या उलट वळणाचे बौद्ध स्वस्तिक असते. कडक बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य. अंडे-दूध चालणारा प्रकार वेगळा, म्हणून विचारून घ्यावे.

ताइनानमध्ये मोठे रात्रबाजार रोज भरत नाहीत, त्यांचे वार ठरलेले असतात. सोमवार, मंगळवार, शुक्रवार दादोंगचे. बुधवार, शनिवार वूशेंगचे. ह्वायुआनचे गुरुवार, शनिवार, रविवार. स्थानिक लोक बाजारांच्या आद्याक्षरांची ओळ करून हे पाठ ठेवतात. पाहुण्याने निघण्यापूर्वी वार तपासलेला बरा.

सुटे पैसे जवळ ठेवावेत; खाण्याच्या भावात घासाघीस चालत नाही. एकेक पदार्थ दोघा-तिघांत वाटून घेतला, तर जास्त गाड्या होतात. तैपेईच्या मेट्रोत खाणेपिणे, अगदी पाणी पिणेसुद्धा, निषिद्ध असून दंड १,५०० ते ७,५०० तैवानी डॉलर आहे. हातातला बबल टी स्थानकात शिरण्याआधीच संपवावा.