क्रीडा स्वाक्षऱ्यांची त्रयस्थ पडताळणी

खेळाडूची सही असलेली बॅट, चेंडू, जर्सी, फोटो किंवा पत्र घेणाऱ्या-विकणाऱ्याखेरीज तिसऱ्याच संस्थेकडून तपासून घेणे आणि सही अस्सल असल्याचे प्रमाणपत्र मिळवणे, याला त्रयस्थ पडताळणी म्हणतात. हा व्यवसाय अमेरिकेत बेसबॉलच्या संग्राहकांभोवती वाढला. पीएसए, जेएसए आणि बेकेट ही त्यातली ठळक नावे. ऑनलाइन लिलावातून सही घेणाऱ्या कोल्हापूरच्या संग्राहकाच्या हातीही बहुधा यांचेच स्टिकर पडते. त्या स्टिकरवर किती विसंबावे, हे सही कोणाची आहे यावर ठरते.

प्रमाणपत्रे दोन प्रकारची असतात आणि ग्राहकाची गफलत इथेच होते. पहिल्या प्रकारात संस्थेचा माणूस सही होताना समोर हजर असतो आणि तिथल्या तिथे होलोग्राम लावतो. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेने 2001 मध्ये सुरू केलेली पद्धत अशीच आहे. टोनी ग्विन या खेळाडूला आपल्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या बनावट सह्या आढळल्या, ही गोष्ट तिच्यामागे सांगितली जाते. साक्षीदार म्हणून तिथे पोलीस दलातले आजी-माजी अधिकारी नेमतात. दुसऱ्या प्रकारात सही कधी, कुठे झाली हे संस्थेने पाहिलेले नसते. तज्ज्ञ ती आपल्या संग्रहातल्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि मत देतो. पहिला पुरावा आहे, दुसरा अंदाज आहे. कितीही जाणत्याने केला तरी अंदाजच. संस्थाही आपल्या अटींमध्ये त्याला मतच म्हणतात. बाजारात मात्र दोन्ही एकाच आवाजात ‘सर्टिफाइड’ म्हणून विकले जातात.

मत देताना तज्ज्ञ अक्षरांच्या आकारापेक्षा रेषेचा ओघ आधी पाहतो. रोजच्या सवयीची सही झरझर होते. नक्कल करणाऱ्याचा हात मध्येच थबकतो, रेषेत बारीक थरथर येते, पेन नको तिथे उचलले जाते. शाई आणि कागद यांचीही साक्ष असते. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आले 1945 मध्ये, म्हणून 1930 च्या दशकात झाल्याचे सांगितलेली बॉलपेनची सही तिथेच बाद. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायने साधारण 1950 नंतरची. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. याशिवाय रबरी शिक्के, छापील सह्या, यंत्राने केलेल्या सह्या आणि चाहत्यांच्या गर्दीला पुरे पडावे म्हणून सहकाऱ्याने ठोकलेल्या सह्या वेगळ्या काढाव्या लागतात.

एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने बनावट सह्या विकणाऱ्या टोळीविरुद्ध 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातून चालवलेल्या ‘ऑपरेशन बुलपेन’ने या बाजाराची अवस्था उघड केली. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. बनावट मालासोबत प्रमाणपत्रेही दिली जात. त्यानंतर मोठ्या संस्थांचे वजन वाढले, पण शंका मिटल्या नाहीत. तपासणीचे शुल्क बहुधा विकणाराच भरतो आणि नामवंत खेळाडूच्या सहीला ते जास्त असते. रोज येणाऱ्या वस्तूंचा ढीग मोठा, प्रत्येकीला मिळणारा वेळ थोडा. होलोग्रामचीही नक्कल होते. खऱ्या वस्तूचा क्रमांक उचलून तो दुसऱ्या वस्तूवर डकवला, तर संकेतस्थळावर शोधणाऱ्याला क्रमांक खराच सापडतो; म्हणून नोंदीतला फोटो हातातल्या वस्तूशी रेघन् रेघ जुळतो का, हे पाहणे क्रमांक तपासण्याहून मोलाचे आहे.

कोल्हापूरच्या खेळाडूंच्या बाबतीत मुख्य अडचण नमुन्यांची आहे. डॉन ब्रॅडमन अखेरच्या वर्षांपर्यंत चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत, त्यामुळे त्यांच्या सहीचे नमुने मुबलक आहेत. आता खाशाबा जाधव घ्या. गोळेश्वरचे हे मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांची सही जपून ठेवावी असे त्या काळी कितीजणांना वाटले असेल? परदेशी संस्थेच्या कपाटात त्यांच्या देवनागरी सहीचे पुरेसे नमुने असतील असे मानायला आधार नाही. देवनागरीत शिरोरेषा आधी ओढली की नंतर, सलग की तुटक, यावरून हात ओळखता येतो. रोमन सह्यांवर तयार झालेल्या नजरेला ही सवय नसते. मात्र खाशाबा पोलीस खात्यात होते. नोकरीतली कागदपत्रे, कॉलेजचे अर्ज, घरची पत्रे हेच त्यांच्या सहीचे खरे नमुने. त्यांचे निधन 1984 मध्ये झाले. जेल पेन जपानमध्ये निघाले ते त्याच सुमारास. त्यामुळे जेल शाईतली ‘खाशाबांची सही’ कोणतेही स्टिकर घेऊन आली तरी नाकारावी.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट निराळी. काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावांची त्यांची खेळी डिसेंबर 1948 मधली, पण ते कोल्हापुरातच 2012 पर्यंत हयात होते. तेव्हा त्या सामन्याच्या फोटोवर आजच्या मार्करची सही दिसली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तरुणपणची आणि नव्वदीतली सही एकसारखी नसणार, हेही धरून चालावे लागते.

पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचे हस्ताक्षर ओळखणारे शिष्य आजही तालमींत भेटतात. त्यांचा शब्द भारतीय कायद्यालाही परका नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 45 हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत ग्राह्य धरत होते आणि कलम 47 त्या व्यक्तीचे अक्षर परिचयाचे असलेल्या माणसाचे मतही. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या दोन्ही तरतुदी कायम आहेत. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की हस्ताक्षर ओळखण्याचे शास्त्र बोटांच्या ठशांइतके पक्के नाही, म्हणून तज्ज्ञाचे मत सावधपणे तपासून घ्यावे.

जुन्या पैलवानांच्या सह्यांसाठी म्हणूनच वस्तूचा माग सर्वांत भरवशाचा: फोटो कोणत्या तालमीच्या भिंतीवरून उतरला, कोणाच्या घरातून आला, मधल्या काळात कोणाकडे होता. हे लिहून, देणाऱ्याची सही आणि तारीख घेऊन वस्तूसोबत ठेवले पाहिजे, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत. हयात खेळाडूंची वाट सोपी आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, वीरधवल खाडे किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेता स्वप्नील कुसाळे यांची सही मिळाली, की सही करतानाचे चित्रण करावे. त्यात हात, पेन आणि वस्तू तिन्ही एकाच वेळी दिसली पाहिजेत आणि ते चित्रण वस्तू विकताना पुढच्या मालकाला द्यावे. शाहू स्टेडियमवर अंतिम सामन्यानंतर पूर्ण संघाने सह्या केलेल्या फुटबॉललाही हेच लागू. तिथे कोणती सही कोणाची, याची यादी त्याच दिवशी करून ठेवावी लागते.