डेबियनवर प्लाझ्मा ५ ते प्लाझ्मा ६ अपग्रेड

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ (बुकवर्म) मधील केडीई प्लाझ्मा ५.२७ हा डेस्कटॉप डेबियन १३ (ट्रिक्सी) मधील प्लाझ्मा ६.३ वर नेण्याची प्रक्रिया. डेबियनमध्ये डेस्कटॉप एकटा बदलता येत नाही. तो संपूर्ण प्रणालीच्या नव्या आवृत्तीबरोबरच बदलतो. प्लाझ्मा ६ ला किमान क्यूट ६.६ ही लायब्ररी आणि केडीई फ्रेमवर्क्स ६ (केडीईचा स्वतःचा लायब्ररी-संच) लागतात. बुकवर्ममध्ये क्यूट ६.४ आहे आणि फ्रेमवर्क्स ६ नाहीतच. त्यामुळे बुकवर्मवर राहून बाहेरून प्लाझ्मा ६ ओढून आणण्याचा प्रयत्न जवळजवळ नेहमीच मोडक्या पॅकेज-अवलंबनांत अडकतो.

पार्श्वभूमी

केडीई प्रकल्पाची सुरुवात मॅथियास एट्रिश या विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीत केली. पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये आली. जानेवारी २००८ मधल्या केडीई ४.० ने डेस्कटॉपची रचनाच बदलली, आणि अनेक ओळखीच्या सोयी तेव्हा तयार नसल्याने वापरकर्ते नाराज झाले. तो अनुभव प्रकल्पाच्या स्मरणात राहिला. जुलै २०१४ मध्ये प्लाझ्मा ५ आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लाझ्मा ६ आले, तेव्हा बाह्य रूप शक्य तितके जुने ठेवण्यात आले. प्लाझ्मा ६ च्या काही आठवडे आधीच केडीईच्या भारतीय समुदायाची परिषद पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात भरली होती.

डेबियन १३ प्रसिद्ध झाले ९ ऑगस्ट २०२५ रोजी. डेबियन फक्त लगतच्या आवृत्तीवरून अपग्रेड मान्य करते. डेबियन ११ वर असलेल्या संगणकाला आधी १२ वर आणून, ते नीट चालते याची खात्री करून मगच १३ कडे जावे लागते.

काय बदलते

वरवर पाहता पॅनेल तरंगते दिसते, फाइल उघडायला दोनदा क्लिक करावे लागते, आणि स्क्रोलपट्टीच्या रिकाम्या जागी क्लिक केल्यास मजकूर थेट त्या जागी जातो. दुहेरी क्लिक हा बिघाड समजून बरेच जण गोंधळतात. ज्यांनी पूर्वी ही निवड स्वतः केली नव्हती त्यांच्याकडे नवी मूळ निवड लागू होते, इतकेच. सिस्टिम सेटिंग्जमधील सर्वसाधारण वर्तनाच्या पानावर ती एका क्लिकने परत फिरवता येते.

खरा बदल तीन थरांत असतो. पहिला थर क्यूट ५ वरून क्यूट ६: दोन्ही लायब्ऱ्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात, पण एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही मिसळता येत नाहीत. त्यामुळे क्यूट ५ साठी बांधलेली थीम-इंजिने, विंडो-सजावटी आणि प्लगइन नव्या डेस्कटॉपला दिसतच नाहीत. क्वांटम हे थीम-इंजिन वापरणाऱ्यांना त्याची क्यूट ६ आवृत्ती वेगळी बसवावी लागते. दुसरा थर एक्स११ ऐवजी वेलँड हे मूळ सत्र; दोन्ही खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणा आहेत. तिसरा थर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज, विजेट आणि थीम. अपग्रेडची पॅकेजेस या तिसऱ्या थराला हातही लावत नाहीत. प्लाझ्मा पहिल्या लॉगिनला काही सेटिंग्ज स्वतः रूपांतरित करते, पण उतरवून घेतलेली जुनी विजेट आणि थीम तशीच पडून राहतात. तक्रारी सर्वांत जास्त येतात त्या याच थरातून.

तयारी

पहिले काम म्हणजे बाहेरचे स्रोत बंद करणे. ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या स्रोत-फोल्डरमध्ये ब्राउझर, ध्वनी-साधने, बॅकपोर्ट्स (जुन्या डेबियनसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) अशा ज्या नोंदी जमल्या असतील त्यांवर टिप्पणीचे चिन्ह लावावे. एकच परका स्रोत एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती धरून ठेवतो आणि ॲप्ट त्या लायब्ररीसाठी अख्खा डेस्कटॉप काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडते. थांबवून ठेवलेली पॅकेजेस ॲप्ट-मार्कच्या शो-होल्ड आज्ञेने पाहून मोकळी करावीत.

जागेचा हिशेब आधी करावा. मूळ विभाजनावर ८ ते १० जीबी मोकळे असले की काम निर्धास्त होते. उतरवलेली पॅकेजेस आणि उलगडलेल्या फाइली काही काळ एकत्र राहतात. बूट फोल्डरसाठी वेगळे विभाजन असेल तर अधिक जपावे. ट्रिक्सीच्या अधिकृत सूचनांनुसार ते किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत. जुन्या स्थापनांत हे विभाजन २५० ते ५०० एमबीचेच असते. जुने कर्नल (लिनक्सचे गाभे) काढून टाकणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागत नसेल तर इनिटरामएफएस (सुरुवातीला कर्नलसोबत स्मृतीत येणारी छोटी प्रतिमा) याच्या सेटिंगमध्ये सगळ्या मॉड्यूलऐवजी फक्त याच यंत्राला लागणारी मॉड्यूल घ्यायला सांगावे. प्रतिमा बरीच लहान होते.

डिस्क कूटबद्ध असेल तर सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज नव्या आवृत्तीत वेगळे झाले आहे हे ध्यानात ठेवावे. शिफारस केलेली पॅकेजेस आपोआप बसवणे ज्यांनी बंद केले आहे, त्यांच्याकडे ते येत नाही. मग पुढच्या सुरुवातीला डिस्क उघडत नाही. रीस्टार्ट करण्यापूर्वी ते बसले आहे हे पाहणे अत्यावश्यक.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा: इटीसी फोल्डर, डीपीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकाची नोंदवही, बसवलेल्या पॅकेजांची यादी आणि होम फोल्डर. होममध्ये लपलेले कॉन्फिग आणि लोकल हे दोन फोल्डर मोलाचे, कारण पॅनेलची मांडणी, कळांचे शॉर्टकट, विंडोचे नियम सगळे तिथेच असते. पॅनेल आणि डेस्कटॉपवरील विजेटांची सगळी मांडणी कॉन्फिगमधील एकाच ॲपलेट्स-आरसी फाइलीत साठते. ती वेगळी नक्कल करून ठेवली की पुढे फार उपयोगी पडते. केमेल हा मेल-प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी त्यामागच्या अकोनाडी या सेवेचा साठाही घ्यावा.

मूळ विभाजनाची फाइल-प्रणाली बीटीआरएफएस असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) घ्यावा. ईएक्सटी४ वर ही सोय नाही, आणि डेबियन मागच्या आवृत्तीवर उतरण्याला कोणताही आधार देत नाही. तिथे परतीचा मार्ग एकच: संपूर्ण विभाजनाची प्रतिमा.

अपग्रेड

आधी बुकवर्म स्वतः शेवटच्या सुधारणांपर्यंत आणावे आणि एकदा रीस्टार्ट करावे. त्यानंतर स्रोतांमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहावे. सुरक्षा-स्रोतातील नोंद बदलायला विसरू नये, आणि वायफाय किंवा ग्राफिक्ससाठी बंदिस्त फर्मवेअर लागत असेल तर नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग यादीत आहे याची खात्री करावी.

काम डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवर करू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर जावे, लॉगिन करावे आणि तिथून चालवावे. कारण साधे आहे: चालू असलेला डेस्कटॉप जुन्या लायब्ऱ्या स्मृतीत धरून असतो आणि डिस्कवर मात्र नव्या येत असतात. अशा वेळी पडदा आपोआप लॉक झाला तर कुलूप उघडणारा भागच सुरू होऊ शकत नाही आणि काळ्या पडद्यावर स्क्रीन-लॉकर मोडल्याचा संदेश येतो. तसे झालेच तर घाबरून वीज बंद करू नये. दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करून लॉगिन-सीटीएलच्या अनलॉक-सेशन आज्ञेने सत्र मोकळे करता येते. संदेशातही तीच आज्ञा लिहिलेली असते. डेस्कटॉपमधून काम करणे भागच असेल तर पडद्याचे आपोआप लॉक होणे आणि संगणकाचे झोपी जाणे दोन्ही आधी बंद करावे, लॅपटॉप चार्जरवर ठेवावा.

स्क्रिप्ट ही आज्ञा सुरू ठेवली की पडद्यावरचा प्रत्येक शब्द फाइलीत नोंदला जातो. ती फाइल टीएमपी फोल्डरमध्ये ठेवू नये: ट्रिक्सीत तो फोल्डर मूळतः रॅममध्ये असतो, आणि जी नोंद रीस्टार्टनंतर हवी असते तीच हाताशी राहत नाही.

पॅकेज-यादी ताजी केल्यावर काम दोन टप्प्यांत होते. पहिल्यात ॲप्टची अपग्रेड आज्ञा नवी पॅकेजेस न आणण्याच्या पर्यायासह चालवतात. जे कशालाही न ढकलता बदलता येते ते यात बदलते. दुसऱ्यात फुल-अपग्रेड. ही आज्ञा काय येणार आणि काय जाणार याच्या याद्या दाखवून थांबते, आणि साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचावी. क्यूट ५ आणि फ्रेमवर्क्स ५ च्या लायब्ऱ्या त्यात दिसणे स्वाभाविक आहे. पण प्लाझ्मा-वर्कस्पेस, केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप किंवा एसडीडीएम (लॉगिन पडदा दाखवणारे पॅकेज) त्या यादीत असतील तर नकार देऊन बाहेर पडावे आणि कोणते परके पॅकेज आड येते आहे ते शोधावे. होकार दिल्यास अपग्रेड पार पडेल, फक्त शेवटी डेस्कटॉप उरणार नाही.

मधेच सेटिंग-फाइलींबद्दल प्रश्न येतात: स्वतः बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजची नवी घ्यायची. स्वतः हात लावल्याचे आठवत असेल तर जुनी ठेवावी. न स्वीकारलेली नवी फाइल डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने शेजारी राहते आणि नंतर सावकाश पडताळता येते. फरक पाहण्यासाठी डी हे अक्षर आहे, ते वापरावे.

रीस्टार्टपूर्वी लिनक्स-इमेज हे मेटापॅकेज (इतर पॅकेजेस ओढून आणणारे पॅकेज) बसलेले आहे आणि ६.१२ कर्नल आला आहे हे तपासावे. एनव्हिडियाचे बंदिस्त ड्रायव्हर असतील तर लिनक्स-हेडर्स मेटापॅकेजही हवे. ते नसेल तर ड्रायव्हर बांधणारे डीकेएमएस हे साधन नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधू शकत नाही आणि लॉगिनच्या जागी काळा पडदा येतो.

पहिल्या लॉगिननंतर

अपग्रेडनंतरचे पहिले सत्र बहुधा वेलँडचे असते. सिस्टिम सेटिंग्जमधील ‘या प्रणालीविषयी’ पानावर ग्राफिक्स प्लॅटफॉर्मच्या ओळीत ते दिसते. वेलँडमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत नाही. सुरक्षेसाठी ते उत्तमच, पण एक्सडूटूल, डब्ल्यूएमसीटीएल, एक्सबाइंडकीज या एक्स११ च्या खिडक्या व कळा हाताळणाऱ्या साधनांवर उभ्या असलेल्या घरगुती स्क्रिप्ट निकामी होतात. रात्री पडद्याचा रंग उबदार करणाऱ्या रेडशिफ्टची जागा प्लाझ्माच्या रात्रप्रकाशाने घ्यावी. बैठकीत पडदा दाखवायचा तर पाइपवायर ही ध्वनी-चित्र सेवा आणि केडीईचे डेस्कटॉप-पोर्टल दोन्ही चालू हवेत. त्यांतले एक नसेल तर समोरच्याला काळी चौकट दिसते.

एनव्हिडियावर एक विशेष अडचण आहे. जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांच्या खिडक्या वेलँडमध्ये लुकलुकण्याचा दोष एक्स्प्लिसिट सिंक या सोयीने सुटला. प्लाझ्मा ६.१ पासून ती आहे, पण ड्रायव्हरमध्ये ५५५ पासून आली, आणि ट्रिक्सीचा ड्रायव्हर ५५० च्या मालिकेतला आहे. म्हणून हा त्रास होणाऱ्यांनी तूर्त लॉगिन पडद्यावरून एक्स११ सत्र निवडणे व्यवहार्य ठरते. ट्रिक्सीतील प्लाझ्मा ६.३ मध्ये ते सत्र शाबूत आहे. केडीईने ६.८ पासून ते काढण्याचे जाहीर केले असले तरी ट्रिक्सी आपल्या आयुष्यभर ६.३ वरच राहते.

पॅनेल रिकामे दिसणे, डेस्कटॉप काळा पडणे, विजेटच्या जागी त्रुटीचा संदेश येणे यांचे निदान करण्याची एक खात्रीची रीत आहे: संगणकावर नवा वापरकर्ता तयार करून त्याने लॉगिन करून पाहावे. तिथे सगळे सुरळीत असेल तर पॅकेजेस ठीक आहेत आणि दोष जुन्या होम फोल्डरात आहे. तिथेही तोच बिघाड दिसला तर तो ड्रायव्हरमध्ये किंवा अर्धवट बसलेल्या पॅकेजांत शोधावा. ही चाचणी न करता कॉन्फिग फोल्डरच पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळावा, त्यात मेल खाती, शॉर्टकट आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या सेटिंग्ज हकनाक जातात.

दोष होम फोल्डरात असल्याचे ठरल्यावर आधी कॅशे फोल्डर रिकामा करावा. मग लोकलमधील प्लाझ्मॉइड फोल्डर बाजूला हलवावा. प्लाझ्मा ५ ची विजेट ६ मध्ये चालत नाहीत; मेटाडेटा-जेसन फाइलीत किमान प्लाझ्मा ६.० ची नोंद नसेल तर ती स्वीकारलीच जात नाहीत. विकास २०२२ मध्ये थांबलेल्या लाटे डॉक या पर्यायी पॅनेलची मांडणीही काढावी लागते. तरीही पॅनेल येत नसेल तर शेवटी ॲपलेट्स-आरसी या फाइलीचे नाव बदलून पुन्हा लॉगिन करावे. प्लाझ्मा मूळ मांडणी नव्याने उभी करते. एसडीडीएमच्या बाहेरून आणलेल्या थीमही क्यूट ५ च्या असू शकतात. लॉगिन पडदा विद्रूप दिसला तर कन्सोलवरून एसडीडीएमच्या सेटिंगमध्ये ब्रीझ थीम लिहावी.

मराठी टंकलेखन

इनस्क्रिप्ट हा थेट कळफलक-आराखडा म्हणून निवडलेला असेल तर काहीच करावे लागत नाही. तो वेलँडमध्येही तसाच चालतो. एफसीआयटीएक्स ५ किंवा आयबस या टंकलेखन-प्रणालींमधून गमभन वा उच्चारानुसारी पद्धत वापरणाऱ्यांचे टंकलेखन मात्र अपग्रेडनंतर अनेकदा बंद पडते. वेलँडमध्ये इनपुट-पद्धत क्विन या प्लाझ्माच्या खिडकी-व्यवस्थापकाने सुरू करायची असते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कळफलकाच्या विभागात आभासी कळफलक या पानावर ‘एफसीआयटीएक्स ५’ किंवा आयबसची वेलँड नोंद निवडली की ती जोडली जाते. आयएम-कॉन्फिग या साधनाने पूर्वी जीटीके आणि क्यूटसाठी लावलेले परिसर-चल एफसीआयटीएक्सच्या बाबतीत काढून टाकावेत. ते राहिले तर सूचना-पट्टीत तसा इशारा येतो आणि काही प्रोग्रॅमांत सुचवलेल्या शब्दांची चौकट भलत्याच जागी उघडते.

साफसफाई

दोन-चार दिवस प्रणाली नीट चालल्यावरच कालबाह्य पॅकेजांकडे वळावे. ॲप्टची ऑटोरिमूव्ह आज्ञा क्यूट ५ च्या ज्या लायब्ऱ्या कोणालाच नको आहेत त्या काढते; काही प्रोग्रॅम अजून क्यूट ५ वरच असल्याने सगळ्या जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. बंद केलेले बाहेरचे स्रोत एकेक करून परत सुरू करावेत आणि प्रत्येकाचा ट्रिक्सीसाठीचा विभाग उपलब्ध आहे का ते आधी पाहावे. मॉडर्नाइझ-सोर्सेस या ॲप्टच्या नव्या आज्ञेने स्रोतांच्या फाइली नव्या मांडणीत आणता येतात, आणि ती जुन्या फाइली बॅकअप म्हणून शेजारी ठेवते.