ग्राहकावरचं ते ‘गांधीवचन’ गांधीजींचं नाही

बँकेत, पोस्टात, किराणा दुकानात एक पाटी हमखास दिसते: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर नव्हे, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. खाली महात्मा गांधींचं नाव, कधी ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असंही.

१८९० मध्ये गांधीजी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ मध्ये. हा मजकूर छापील सापडतो तो १९४० च्या दशकात, अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या नावावर.

पण चुकीच्या नावापेक्षा मला जास्त खटकतो तो त्यातून काढलेला अर्थ: दारात येईल तो प्रत्येक जण आपलाच ग्राहक. घरगुती डबे देणाऱ्या एखाद्या ताईंचं बघा. वसतिगृहातल्या मुलाला भरपूर आणि स्वस्त हवं, मधुमेही आजोबांना कमी तेलाचं आणि अगदी वेळेवर. दोघांना सांभाळायचं तर दोन भाज्या, दोन भाव, आणि रात्री उरलेलं अन्न वेगळंच. त्यापेक्षा दोन-तीन महिने वहीत नोंद ठेवावी: पुढच्या महिन्याचे पैसे आपणहून कोण भरतं, ओळखीचं माणूस कोण घेऊन येतं, दर आठवड्याला घासाघीस कोण करतं. पहिले दोघे जिथे राहतात, त्याच सोसायट्यांत पत्रकं वाटावीत. तिसऱ्याला दुसरी खानावळ सुचवली, तर त्यात त्याचा अपमान नाही.