एलएलपी की ओपीसी? स्पीच थेरपीचं क्लिनिक नोंदवताना

आधी एक घोळ मिटवू. अमेरिकन लेखांमध्ये थेरपिस्टना ‘एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा’ असा सल्ला असतो. भारतात एलएलसी नावाचा प्रकारच नाही. त्याच्या जवळ जाणारे दोन आहेत. एक २००८ च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. दुसरी २०१३ च्या कंपनी कायद्याखालची ओपीसी, म्हणजे एकाच माणसाची कंपनी. दोन्हींत धंद्याच्या कर्जासाठी घर-दागिन्यांवर टाच येत नाही, म्हणून लोक त्या एकच समजतात.

एलएलपीला किमान दोन भागीदार लागतात, ओपीसीला एकच भागधारक. ओपीसीत मात्र नॉमिनी, म्हणजे तुमच्यामागे कंपनी हाती घेणारी व्यक्ती, नेमावाच लागतो आणि त्याची लेखी संमती अर्जासोबत जाते. नाशिकच्या गंगापूर रोडवर एकटीनेच सेशन्स घेणारी थेरपिस्ट असेल तर प्रश्न इथेच सुटायला हवा. पण ‘एलएलपीत ऑडिट नाही’ हे ऐकून नवऱ्याला किंवा आईला एक टक्क्याचं भागीदार केलं जातं. तो भागीदार उद्या बाहेर पडला किंवा वारला, आणि सहा महिन्यांनंतरही क्लिनिक एकाच भागीदारावर चालू राहिलं, तर त्या काळातल्या देण्यांना उरलेली व्यक्ती स्वतः जबाबदार ठरते. ज्या संरक्षणासाठी एवढा खटाटोप केला, तेच जातं.

ऑडिटचं म्हणाल तर एलएलपीला सूट आहे ती उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत. ओपीसीला पहिल्या रुपयापासून ऑडिट. नोंदणीनंतर ३० दिवसांत ऑडिटर नेमायचा, १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र (फॉर्म आयएनसी-२०ए) भरायचं, आणि दरवर्षीचे फॉर्म चुकले तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये. एलएलपीला वर्षाला दोनच मुख्य फॉर्म: ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण), ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेब). आयकराचं रिटर्न दोघांनाही वेगळं.

दोघी मिळून क्लिनिक काढत असतील तर एलएलपी बरी, पण करारनामा मन लावून लिहा. तो नोंदणीपासून ३० दिवसांत फॉर्म ३ मधून दाखल करायचा असतो. इंटरनेटवरचा तयार नमुना भरून टाकतात आणि तिथेच फसतात. करार गप्प असेल तिथे कायदा नफा सारखा वाटतो. एक आठवड्याला ३० सेशन्स घेते, दुसरी १२, तरी निम्मंनिम्मं! ऑडिओमीटर (ऐकण्याची तपासणी करायचं यंत्र) कोणाच्या पैशाचा, आयत्या वेळी रद्द झालेल्या सेशनची फी कोणाची, एक जण बाहेर पडली तर मुलांच्या फाइल्स कुठे राहणार, हे सगळं त्यात हवं.

अर्ज दोन्हींचा ऑनलाइनच: एलएलपीसाठी फिलिप नावाचा फॉर्म, ओपीसीसाठी स्पाइस प्लस. डिजिटल सही आधी काढून ठेवा. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. इंदिरानगरचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल अजून आधीच्या मालकाच्या नावाने, आणि ना-हरकतपत्रावर तिसरंच स्पेलिंग. असा अर्ज परत येतोच. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको आणि त्यावरचं नाव ना-हरकतपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. ओपीसीच्या उद्देशांत श्रवणयंत्रांची विक्रीही आत्ताच लिहून टाका; नंतर घालायची तर पुन्हा ठराव आणि फॉर्म.

करातही फरक आहे. एलएलपीला ३० टक्के, पण भागीदाराच्या हाती आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही. कंपनीला सवलतीचा पर्याय घेतला तर २२ टक्के, मात्र लाभांश काढला की तो तुमच्या उत्पन्नात धरतात. अधिभार आणि उपकर दोन्हींत याशिवाय लागतात. वर्षाअखेर सगळा नफा घरीच नेणार असाल तर २२ चा आकडा बघून भुलू नका.

या दोन्हींपैकी काहीही तुमच्या स्वतःच्या चुकीला पाठीशी घालत नाही. चुकीच्या सल्ल्याची तक्रार ग्राहक आयोगात गेली तर ती तुमच्यावरही येते. त्यासाठी व्यावसायिक विमाच लागतो. स्पीच थेरपिस्टची नोंद ठेवणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणीही व्यक्तीचीच असते, कंपनीची नाही, म्हणून रिपोर्टवर तुमचा सीआरआर क्रमांक (त्या नोंदणीचा क्रमांक) हवाच. आणि काउंटरवरचा क्यूआर कोड बघा. पैसे अजून तुमच्या बचत खात्यात जात असतील तर तो आजच बदलून क्लिनिकच्या खात्याचा लावा.