स्लीपिंग बॅग

स्लीपिंग बॅग : थंड हवेत उघड्यावर, गुहेत किंवा तंबूत झोपणाऱ्या माणसाच्या अंगची ऊब टिकून राहावी म्हणून तयार केलेली, तोंडाशी आवळता येणारी दुहेरी कापडाची पिशवी. दोन कापडांच्या मध्ये पक्ष्यांची लव, लोकर किंवा कृत्रिम तंतू भरलेले असतात. गिर्यारोहण, ध्रुवीय प्रवास, सैनिकी मोहिमा आणि हिवाळी पदभ्रमण यांत तिचा वापर सर्वत्र होतो. पिशवी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. झोपणाऱ्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता ती केवळ रोखून धरते. त्यामुळे तिचा विचार खालचे अंथरूण, अंगावरचे कपडे, मुक्कामाची जागा आणि झोपणाऱ्याची प्रकृती यांपासून वेगळा करता येत नाही.

उगम : स्लीपिंग बॅगच्या उगमाविषयी संदर्भग्रंथांत एकमत नाही. ब्रिटनमधील लोकप्रिय लेखनात तिचे श्रेय बहुधा वेल्समधील न्यूटाउन येथील व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स (१८३४–१९२०) यांना दिले जाते. टपालाने मागणी नोंदवून घेऊन घरपोच माल धाडण्याच्या व्यवसायाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. १८७६ मध्ये त्यांनी ‘युक्लिसिया रग’ नावाच्या लोकरी पांघरुणाचे एकस्व (पेटंट) घेतले. या पांघरुणाच्या एका बाजूला रबराची, हवा भरून फुगवायची उशी ठेवण्यासाठी कप्पा होता. झोपणाऱ्याने आत शिरून पांघरूण अंगावर दुमडून घ्यायचे आणि बांधून टाकायचे, अशी त्याची रचना होती. रशियन सैन्याने अशी सुमारे ६०,००० पांघरुणे मागवली होती आणि त्यांतील काही रशिया-तुर्कस्तान युद्धात, १८७७ मधील प्लेव्हनाच्या (आजच्या बल्गेरियातील गावाच्या) वेढ्यात वापरली गेली, असे सांगितले जाते. डिसेंबर १८७७ मध्ये प्लेव्हना पडल्यावर उरलेली मागणी रद्द झाली आणि शिल्लक माल इतरत्र विकावा लागला, असाही वृत्तान्त आहे.

हे सर्व ग्राह्य धरले, तरी त्यावरून एवढेच सिद्ध होते, की या प्रकारची वस्तू मोठ्या संख्येने तयार करून बाजारात आणण्याचा मान प्राइस-जोन्स यांच्याकडे जाऊ शकतो. कल्पना त्यांच्या आधीची आहे, याचे पुरावे पुरेसे आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ व प्रवासी फ्रान्सिस गॉल्टन यांच्या प्रवासविषयक मार्गदर्शक ग्रंथात (पहिली आवृत्ती १८५५, पुढे अनेक सुधारित आवृत्त्या) पिरेनीज पर्वतातील खिंडींवर पहारा देणाऱ्या फ्रेंच जकात-पहारेकऱ्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या पिशव्यांचा उल्लेख येतो. लोकर आतल्या बाजूस ठेवलेल्या या पिशव्या दिवसा गुंडाळून पट्ट्यांनी पाठीवर बांधता येत. चोरटा माल आणणाऱ्यांची वाट पाहत रात्रभर डोंगरावर पडून राहणाऱ्या माणसांनी स्वतःच्या गरजेतून घडवलेली ही वस्तू होती. आल्प्सच्या चढाईसाठी इंग्रज गिर्यारोहक फ्रान्सिस फॉक्स टकेट यांनी १८६१ च्या सुमारास घोंगडीवजा कापडाची आणि खालच्या बाजूस रबराचा लेप असलेली पिशवी वापरून पाहिली. आर्क्टिक प्रदेशात हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेचा शोध घेणाऱ्या घसरगाडी-तुकड्यांकडे १८५० च्या दशकातच ब्लँकेटच्या पिशव्या होत्या. शिवाय ‘युक्लिसिया रग’ हे मुळात दुमडायचे पांघरूण होते. आजच्या पिशवीशी त्याचे साम्य अंशतःच आहे. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांना १८७८ मध्ये, म्हणजे त्या एकस्वानंतर दोन वर्षांनी, फ्रान्समधील सेव्हेन डोंगरात गाढवासह पायी हिंडण्यासाठी बाहेरून हिरवे जलरोधक कापड आणि आतून मेंढीची निळी लोकर असलेली पिशवी मुद्दाम बनवून घ्यावी लागली, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तर ध्रुवाजवळील लोक रेनडिअर आणि कॅरिबूच्या केसाळ कातड्यांत झोपत आणि युरोपीय प्रवाशांनी ही विद्या त्यांच्याकडून उचलली, हे तर त्या प्रवाशांच्याच लेखनावरून दिसते. तेव्हा स्लीपिंग बॅगला एकच जनक न शोधता मेंढपाळ, शिकारी आणि सीमेवरचे पहारेकरी यांच्या वापरातून ती टप्प्याटप्प्याने घडली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

नॉर्वेचे ध्रुवीय प्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलंडचा हिमस्तर ओलांडला, तेव्हा सहा जणांच्या तुकडीत रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या आणि एकेका पिशवीत तिघे झोपत. तिघांच्या अंगची ऊब एकाच आवरणात राहत असल्याने माणशी कातडे कमी लागे व वजनही वाचे. १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तरेकडे निघालेले नान्सेन आणि त्यांचे सोबती यॉहान्सेन हेही एकाच दुहेरी पिशवीत झोपत होते. विसाव्या शतकात पक्ष्यांच्या लवेने कातड्याची जागा घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी लवेच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. पोकळ पॉलिएस्टर तंतूंच्या पिशव्या त्यानंतरच्या आहेत.

उष्णतेचा हिशेब : झोपलेला प्रौढ माणूस सर्वसाधारणपणे ७० ते ८० वॉट इतकी उष्णता निर्माण करतो. ती चार वाटांनी निसटते : जमिनीकडे वहनाने, वाऱ्याबरोबर अभिसरणाने, मोकळ्या आकाशाकडे प्रारणाने, आणि घाम व श्वास यांवाटे बाष्पीभवनाने. पिशवीचे काम अंगाभोवती स्थिर हवेचा थर अडवून ठेवण्याचे असते. स्थिर हवेची उष्णता-संवाहकता सुमारे ०·०२५ वॉट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, तर पाण्याची सुमारे ०·६ आहे. भरणातील हवेच्या जागी ओल आली, की उष्णतारोधन झपाट्याने का ढासळते, हे या दोन आकड्यांवरून कळते.

लवेचे महत्त्व याच तत्त्वातून येते. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाखालच्या लवेला पिसासारखा ताठ दांडा नसतो; एका केंद्रातून सर्व दिशांना फुटलेल्या बारीक तंतूंचा तो झुबका असतो. दाबल्यावर तो मिटतो आणि सोडताच फुलतो. एक औंस लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, या मापाने तिची प्रत ठरवतात; ५५० चे माप साधारण, तर ८०० च्या वरचे उत्तम समजतात. मात्र भिजलेली लव गोळा होऊन बसते आणि लवकर वाळत नाही. कृत्रिम तंतू तेवढ्याच उबेसाठी जड पडतात व अधिक जागा घेतात, पण ओलसर झाले तरी त्यांतील हवा बरीचशी टिकून राहते. पावसाळी हवेच्या किंवा दवाच्या प्रदेशात ते म्हणूनच पसंत केले जातात. भरण एका जागी गोळा होऊ नये म्हणून पिशवीचे कप्पे पाडतात. बाहेरचे व आतले कापड थेट एकत्र शिवले, तर शिवणीच्या रेषेवर भरणाची जाडी शून्य होते आणि तेथून थंडी आत शिरते; ती टाळण्यासाठी चांगल्या पिशव्यांत दोन कापडांच्या मध्ये उभ्या पट्ट्या घालतात.

पिशवी घेणाऱ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष खालच्या बाजूकडे होते. अंगाखाली दबलेल्या भरणात हवा उरत नाही. तेव्हा पाठीकडची थंडी पिशवी अडवू शकत नाही, ती चटईनेच अडवावी लागते. चटईचा उष्णतारोध ‘आर’ या मूल्याने सांगतात आणि तो मोजण्याची सामाईक पद्धत २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेने ठरवून दिली. बंद छिद्रांच्या फोमची साधी पातळ कॅरीमॅट सामान्यतः १ ते २ एवढे मूल्य देते. बर्फावर झोपायचे असल्यास ४ किंवा त्याहून अधिक मूल्य लागते, आणि ते दोन चटया एकमेकींवर ठेवूनही गाठता येते, कारण ही मूल्ये बेरजेने वाढतात.

ओलीचा प्रश्न : कडाक्याच्या थंडीत शरीरातून सतत निघणारी बाष्पे भरणातून बाहेर जाताना वाटेतच थिजतात आणि तिथेच बर्फ होऊन राहतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण अंटार्क्टिकातील आहे. १९११ च्या जून-जुलैत विल्सन, बाउअर्स आणि चेरी-गॅरार्ड हे ब्रिटिश मोहिमेतील तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप इव्हान्सहून केप क्रोझियरला गेले. तापमान उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. त्यांच्या रेनडिअरच्या पिशव्या घामाने व श्वासाने रोज थोड्याथोड्या ओल्या होऊन गोठत गेल्या आणि परत येईपर्यंत त्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले. रात्री आत शिरताना गोठलेले कातडे अंगाच्या उबेने इंच इंच मऊ करावे लागे. अशा प्रदेशांत आज अंगालगत बाष्परोधी अस्तर वापरतात, म्हणजे ओल भरणात जात नाही. सौम्य थंडीतही तोंड पिशवीच्या आत घेऊन श्वास सोडणे याच कारणासाठी वर्ज्य मानतात. टोपी घालावी, पिशवीचा शिरोवेष्टनाचा भाग आवळावा, पण नाक-तोंड बाहेर ठेवावे. दिवसभराच्या घामाचे कपडे बदलून कोरड्या कपड्यांत झोपणे हाही त्याच विचाराचा भाग आहे.

तापमानाचे अंक : पिशवीवर छापलेले तापमान पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या मताने ठरवीत असे. युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ हे मानक आले व २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या पद्धतीत आतील कपडे घातलेला तापविता येणारा पुतळा चटईवरील पिशवीत निजवून उष्णतेची गळती मोजतात आणि त्यावरून सुख-तापमान, मर्यादा-तापमान व टोकाचे तापमान काढतात. सुख-तापमान प्रमाणभूत स्त्रीच्या सैल निजण्यावर, तर मर्यादा-तापमान अंग आखडून झोपलेल्या प्रमाणभूत पुरुषावर आधारलेले असते. टोकाचे तापमान म्हणजे झोपेचे तापमान नव्हे. त्या थंडीत माणूस सहा तास तग धरू शकतो, पण शरीर धोकादायक रीत्या थंड होण्याची शक्यता असते, एवढाच त्याचा अर्थ. दुकानात ठळक अक्षरांत पुष्कळदा हाच अंक दिसतो. खरेदी करणाऱ्याने सुख-तापमानच पाहावे आणि दमलेल्या, उपाशी किंवा वयस्क माणसासाठी त्यातही काही अंशांची सवलत धरावी. लहान मुलांच्या पिशव्यांना हे मानक लागू होत नाही.

जागा आणि धोके : निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यालगतची जड, गार हवा उताराने खाली वाहून खोलगट जागी साठते. ओढ्याकाठच्या सपाटीपेक्षा उतारावरची थोडी उंच, वाऱ्याच्या आडची जागा म्हणून अधिक उबदार ठरते. झाडाखाली किंवा कातळाच्या छताखाली आकाशाकडे होणारे प्रारण घटते व दवही कमी पडते. झोपण्यापूर्वी स्निग्ध व पिष्टमय आहार घेणे आणि गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली पायांशी ठेवणे उपयोगी पडते. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उबेचा भास होत असताना उष्णता वेगाने निघून जाते. शरीराचे गाभ्याचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यास अल्पतापावस्था सुरू होते. त्यात अडखळते बोलणे, हातांचा बेढबपणा आणि विचारांचा गोंधळ दिसतो, आणि ती वाढत गेल्यावर थरथर थांबते. थरथर थांबणे हे बरे वाटण्याचे लक्षण समजून सोबत्यांनी गाफील राहिल्यास प्राणावर बेतते. बंद तंबूत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपणे तर कोणत्याही थंडीत टाळलेच पाहिजे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

भारतातील वापर : हिमालयात जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालणारे स्थानिक लोक काठच्या गुहांत वाहून आलेल्या लाकडांची शेकोटी करून रात्र काढत आले आहेत. दार्जिलिंग (१९५४) आणि उत्तरकाशी (१९६५) येथील गिर्यारोहण संस्थांच्या प्रशिक्षणातून लवेच्या पिशवीचा परिचय भारतीय गिर्यारोहकांना झाला, आणि महाराष्ट्रातील डोंगरभटक्यांपर्यंत ती बव्हंशी याच वाटेने आली. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यांवर डिसेंबर-जानेवारीत थंडी बोचरी असली, तरी हिमालयाच्या मानाने ती सौम्य असते; तेथे दव आणि वारा हेच मुख्य अडथळे ठरतात व हलकी कृत्रिम तंतूंची पिशवी पुरते.

दख्खनच्या पठारावर मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांकडे या कामासाठी घोंगडी आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची ही घोंगडी सणगर विणकर मागावर विणतात आणि चिंचोक्यांची खळ लावून तिला ताठरपणा आणतात. तिचे एक टोक दुमडून डोक्यावर खोळ केली, की डोके, पाठ आणि खांदे एकाच आवरणात येतात. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. सुती कापडाच्या थरांची गोधडी कोरड्या हवेत उबदार असते, पण दवाने ओलावली की जड व गार होते, म्हणून उघड्यावरच्या मुक्कामाला घोंगडी अधिक सोयीची.

निगा : पिशवी फार काळ दाबून ठेवल्यास लवेचा फुलोरा कायमचा कमी होतो, घरी ती सैल सुती खोळीत किंवा टांगून ठेवावी आणि प्रवासापुरतीच लहान पिशवीत कोंबावी. मुक्कामावर पोहोचताच ती बाहेर काढून झटकावी, म्हणजे झोपेपर्यंत भरण फुलून येते. लव धुण्यासाठी सौम्य साबण वापरून पुष्कळ पाण्याने खळबळावे लागते. वाळवताना गोळे हाताने मोकळे केले नाहीत, तर आतील ओल तशीच राहून भरणाला कुबट वास येतो.